व्हायब्राफोनवरचं सुरुवातीचं बेबॉप कसं ऐकायचं, नवीन लोकांसाठी

जॅझ ऐकायचंय पण कुठून सुरू करू असं कुणी विचारलं की लोक लगेच चार्ली पार्कर नाहीतर माइल्स डेव्हिस सांगतात, मी मात्र सरळ व्हायब्राफोन सांगते, त्यातही मिल्ट जॅक्सन. कारण साधं आहे. बेबॉप, म्हणजे १९४० च्या दशकातलं जलद जॅझ, पहिल्यांदा ऐकताना सॅक्सोफोनचे सूर इतक्या वेगात आणि एकमेकांत मिसळून येतात की नवीन माणसाच्या कानाला तो नुसता लोंढा वाटतो. व्हायब्राफोनवर प्रत्येक सूर वेगळा ठोकलेला असतो, जलतरंग किंवा संतूरसारखा, त्यामुळे तान कितीही जलद असली तरी तिचे दाणे सुटे ऐकू येतात. आपल्याकडे संतूर, जलतरंग ऐकून कान आधीच तयार असतात, मग त्याचा फायदा घ्यायचा की.

खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने ऐका. हा क्रम तारखांप्रमाणे नाही, मुद्दाम नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत कान तयार करायचा आणि मग मागे १९४५ मध्ये जाऊन तिथून पुढे यायचं. घाई करू नका, एका आठवड्यात दोनतीन रेकॉर्डिंगच्या वर जाऊ नका, शेवटचं सोडलं तर ही सगळी तीनचार मिनिटांची आहेत, एकेक दहावीस वेळा सहज ऐकून होतं.

पायरी १: आधी वाद्य बघा

ऐकण्याआधी कुणाचाही व्हायब्राफोन वाजवतानाचा एखादा व्हिडिओ बघा, आणि हातांकडे नंतर बघा, आधी पाय बघा.

वाद्य असं आहे. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या, साधारण तीन सप्तकं. प्रत्येक पट्टीखाली एक नळी लटकते, तिच्यात सूर घुमतो. त्या नळ्यांच्या तोंडाशी छोट्या चकत्या असतात आणि त्या सगळ्या एका दांड्यावर बसवून मोटरने फिरवतात. चकती फिरते तशी नळी उघडते-मिटते आणि सूर लाटेसारखा हलतो, व्हायब्राफोन हे नाव त्यावरूनच. खाली पियानोसारखं पेडल असतं, ते दाबलं की पट्टी घुमत राहते, सोडलं की फेल्ट चिकटून सूर बंद. हीच पट्टी लाकडी केली तर झायलोफोन, आपलं काष्ठतरंग म्हणा, त्यात सूर टक्कन वाजून संपतो.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय तो मुद्दा. मोटरचा वेग वाजवणाऱ्याच्या हातात असतो. मिल्टच्या आधी या वाद्याचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे लायोनेल हॅम्प्टन, ज्याने १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबर 'मेमरीज ऑफ यू' मध्ये व्हायब्ज, म्हणजे व्हायब्राफोनच, वाजवून हे वाद्य जॅझमध्ये आणलं. हॅम्प्टनची मोटर सेकंदाला साधारण १० फेरे मारायची असं सांगतात, म्हणून त्याचा सूर थरथरतो, चमकतो. मिल्टने ती ३.३ वर आणली. म्हणजे एकीकडे बेबॉपवाले लय वाढवत होते, सुरांची गर्दी करत होते आणि हा माणूस त्याच गर्दीत बसून मोटर हळू करत होता. त्यामुळे जलद तान संपून तो एखाद्या सुरावर थांबला की तो सूर थरथरत नाही, श्वास घेतल्यासारखा हळू वरखाली होतो. मिल्ट लहानपणी डेट्रॉइटमध्ये चर्चच्या गॉस्पेल गाण्यात वाढला, आणि माझ्या मते हे सगळं त्या गाण्यातून आलंय, हातोड्यांतून नाही.

संतूरवर मींड नाही म्हणून शिवकुमार शर्मांना सुरुवातीला किती ऐकून घ्यावं लागलं ते आपल्याला माहितीय. व्हायब्राफोनची अडचण अगदी तीच, धातूची पट्टी वाकत नाही, एका सुरातून दुसऱ्यात घसरता येत नाही. मग मिल्ट काय करतो तर मुख्य सुराच्या आधी शेजारचा सूर कणासारखा हलकेच लावतो, काही सूर इतके हळू मारतो की ते नुसते सुचवल्यासारखे वाटतात, आणि पेडल अर्धवट सोडून शेपूट कापतो. सगळं ऐकताना हेच शोधायचं, तान नाही, तानेनंतरचा सूर.

पायरी २: आवर्तन मोजायला शिका

इथे आपण खरंच इतरांच्या पुढे आहोत. ताल मोजायची सवय असेल तर बेबॉपचा अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

जॅझमध्ये ज्याला कोरस म्हणतात ते म्हणजे आवर्तन. धुन एकदा पूर्ण वाजवली की एक आवर्तन झालं, आणि तिच्याखालचा कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचा, क्रम पुन्हा पुन्हा फिरत राहतो, सोलो, म्हणजे एकेकाचा विस्तार, त्याच्यावरच होतो. दोन मापं पाठ करा. पहिलं ब्लूज, १२ बार, प्रत्येक बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं चक्र. दुसरं ३२ बारचं, आठ-आठ बारचे चार तुकडे, पहिला दुसरा चौथा सारखा आणि तिसरा वेगळा, तो तिसरा तुकडा अंतऱ्यासारखा वर उठतो आणि मग परत मुखड्यावर येतो.

सरावाला लावा 'बॅग्ज ग्रूव्ह', पण १९५२ चं, ब्लू नोट कंपनीचं, ७ एप्रिल १९५२ ला रेकॉर्ड झालेलं. बॅग्ज हे मिल्टचं टोपणनाव, डोळ्यांखालच्या पिशव्यांवरून पडलेलं. बरोबर लू डॉनल्डसन अल्टो सॅक्सोफोनवर, जॉन लुईस पियानोवर, पर्सी हीथ बासवर आणि केनी क्लार्क ड्रम्सवर. ही धुन ब्लूज आहे आणि अगदी सोपी आहे, चार बारची एकच ओळ, ती तीनदा वाजते, झालं आवर्तन. पहिल्यांदा ऐकताना फक्त ती ओळ गुणगुणा. मग सोलो सुरू झाल्यावर मनात तीच ओळ चालू ठेवा, वर मिल्ट काहीही वाजवो, तुमची ओळ तीनदा संपली की नवीन आवर्तन. दोनतीन दिवसांत हे जमतं, खरंच जमतं, आणि एकदा जमलं की सोलो कुठून कुठे चाललाय ते दिसायला लागतं.

तबल्याच्या सवयीने बरेच जण ड्रम्सच्या ढोलावर, म्हणजे बास ड्रमवर कान ठेवतात आणि चुकतात. बेबॉपमध्ये लय तिथे नसते. केनी क्लार्कनेच ती तिथून उचलून वरच्या मोठ्या झांजेवर, राइड सिंबलवर नेली, आणि खालचा ढोल अधूनमधून ठोसे द्यायला मोकळा ठेवला. त्यामुळे ठेका धरायचा तो झांजेची टिंग-टिकटिंग आणि बासचे चालत जाणारे सूर यांच्यावर. यासाठी हेडफोन लागतातच, मोबाइलच्या स्पीकरवर बास गायब होतो आणि मग तुम्ही कशाला धरून मोजणार?

पायरी ३: आता १९४५ मध्ये जा

कान तयार झाला की ६ जून १९४५ चं रेड नॉर्व्होचं न्यूयॉर्कमधलं सेशन, म्हणजे रेकॉर्डिंगची बैठक, लावा. व्हायब्राफोनवाल्याच्या नावावर निघालेलं आणि बेबॉपचा पाया दिसेल असं पहिलं महत्त्वाचं काम मी यालाच मानते. चार धुना आहेत: 'हॅलेलुया', 'गेट हॅपी', 'स्लॅम स्लॅम ब्लूज' आणि 'काँगो ब्लूज', कॉमेट नावाच्या छोट्या कंपनीने काढलेल्या.

यात माणसं कोण होती ते नीट बघा. नॉर्व्हो स्वतः १९०८ चा, झायलोफोनवर नाव कमावलेला आणि १९४३ च्या सुमारास व्हायब्जकडे वळलेला. पियानोवर टेडी विल्सन, बासवर स्लॅम स्ट्यूअर्ट, टेनर सॅक्सवर फ्लिप फिलिप्स, हे सगळे स्विंगच्या, म्हणजे बेबॉपच्या आधीच्या जॅझच्या, जमान्यातले मोठे. आणि त्यांच्या मध्ये नॉर्व्होने आणून बसवले ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, ज्यांचं वाजवणं तेव्हा बऱ्याच जुन्या लोकांना मान्यच नव्हतं. म्हणजे एकाच खोलीत दोन पिढ्या, एकच धुन, आळीपाळीने सोलो. पुस्तक वाचून स्विंग आणि बेबॉप मधला फरक समजत नाही तो इथे चार मिनिटांत समजतो.

'स्लॅम स्लॅम ब्लूज' पासून सुरुवात करा, संथ आहे, मोजायला सोपं. स्ट्यूअर्ट बास गजाने वाजवतो आणि वरच्या सप्तकात स्वतः तेच गुणगुणतो, तो घोगरा आवाज ओळखा. मग पार्कर येतो तेव्हा लय बदलत नाही पण तो दुप्पट वेगाने बोलायला लागतो, संथ चालीत मध्येच द्रुत. तिथे मान वर होते.

नॉर्व्हो मोटर वापरत नाही, सूर सरळ, कोरडा, काष्ठतरंगाची आठवण ठेवणारा. मिल्ट ऐकून मग हे ऐकलं तर मोटरचं महत्त्व लगेच कळतं, म्हणूनच मी १९५२ चं रेकॉर्डिंग आधी ऐकायला सांगितलं.

एक व्यवहाराची गोष्ट. ही सेशन्स सीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर घेतलीत तर प्रत्येक धुनेचे तीनतीन चारचार टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग, मिळतात, 'काँगो ब्लूज' चे तर मध्येच तुटलेले सुद्धा आहेत. नवीन असताना सगळे ओळीने ऐकू नका, डोकं बधिर होतं. एक पूर्ण टेक निवडा, तोच पाठ होईपर्यंत ऐका, मग दुसरा लावा. तेव्हा दिसतं की पार्करने दुसऱ्या वेळेला जवळजवळ सगळं नवीन वाजवलंय, आणि तोपर्यंत दिसणार नाही.

हे रेकॉर्डिंग थोडं लांब आहे कारण ते १२ इंची तबकड्यांवर निघालं. नेहमीची १० इंची तबकडी ७८ च्या वेगाने फिरायची आणि एका बाजूला तीन मिनिटंच मावायची, त्यामुळे त्या काळातले सोलो अर्ध्या-एका आवर्तनात उरकलेले असतात. तो कलाकाराचा स्वभाव नाही, जागाच तेवढी होती. शिवाय १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकन वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती, मोठ्या कंपन्यांपैकी शेवटच्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात तडजोड केली, म्हणून बेबॉप तयार होत असतानाची ती वर्षं तबकडीवर फारशी सापडतच नाहीत. १९४५ मध्ये ते एकदम तयार होऊन आल्यासारखं वाटतं त्याचं कारण हे.

पायरी ४: मिल्ट गिलेस्पीकडे, १९४६

मिल्टचा जन्म १ जानेवारी १९२३, डेट्रॉइट. गिटार, पियानो, ड्रम्स, गाणं सगळं केलेला मुलगा. गिलेस्पीने त्याला डेट्रॉइटमध्ये ऐकलं आणि १९४५ मध्ये आपल्याकडे घेतलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे लोक हॉलिवूडमध्ये बिली बर्ग्ज क्लबमध्ये वाजवायला गेले, पार्कर, पियानोवर अल हेग, बासवर रे ब्राऊन, ड्रम्सवर स्टॅन लेवी, आणि पार्कर रोज वेळेवर येईल याची खात्री नव्हती म्हणून जास्तीचा माणूस म्हणून मिल्ट.

ऐकायचं ते २२ फेब्रुवारी १९४६ चं न्यूयॉर्कमधलं व्हिक्टर कंपनीचं सेशन, गिलेस्पीच्या नावाचं, त्यातली 'अँथ्रोपॉलॉजी'. हे ३२ बारचं आहे, जलद आहे, आधी मोजायला जमणार नाही, चालेल. आठ-आठ बारचे तुकडे फक्त पकडा. मिल्टचा आवाज इथे पातळ आहे, १९५२ सारखा भरलेला नाही, वाद्य आणि रेकॉर्डिंग दोन्ही साधं, पण वाक्यं आताच बेबॉपची आहेत, हॅम्प्टनची नाहीत. त्यानंतर त्याच वर्षीच्या गिलेस्पीच्या बिग बँडचं 'थिंग्ज टू कम' एकदा ऐका, अफाट वेग आहे, एवढ्या ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या भिंतीतून तो धातूचा सूर कसा बाहेर येतो ते ऐकण्यासारखं आहे.

या बँडची एक गोष्ट पुढे उपयोगी पडते. ट्रम्पेटवाल्यांना वरच्या पट्टीतलं इतकं अवघड वाजवावं लागायचं की त्यांच्या ओठांना आराम द्यायला मध्ये रिदम सेक्शन एकटाच वाजवायचा. तो रिदम सेक्शन म्हणजे मिल्ट, जॉन लुईस, रे ब्राऊन, केनी क्लार्क. हे चौघं लक्षात ठेवा.

पायरी ५: मंकबरोबर, २ जुलै १९४८

इथे जास्त दिवस थांबा. मला विचाराल तर दोनच आठवडे हातात असतील तर बाकी सोडा आणि हे ऐका.

थेलोनिअस मंक पियानोवर, मिल्ट, जॉन सिमन्स बासवर, शॅडो विल्सन ड्रम्सवर. ब्लू नोटसाठी. १९४८ मध्ये युनियनची दुसरी बंदी चालू होती, तरीही हे झालं. 'एव्हिडन्स', 'मिस्टेरिओसो', 'एपिस्ट्रॉफी', 'आय मीन यू', शिवाय दोन गायलेली गाणी.

'मिस्टेरिओसो' लावा. ब्लूजच आहे, १२ बार, तुम्हाला आता मोजता येतो. धुन म्हणजे पायऱ्या चढल्यासारखे सारख्या अंतराने जाणारे दोनदोन सूर, जवळजवळ रियाजातल्या अलंकारासारखे, पण थोड्याच वेळात अंगावर येतात. मग मिल्टचा सोलो. पहिल्यांदा फक्त मिल्ट ऐका, किती सहज, किती गाणारा. दुसऱ्यांदा मिल्टकडे लक्षच देऊ नका, खालचा पियानो ऐका. साथीला पियानोवाला नेहमी भरून कॉर्ड्स वाजवतो, मंक तसं करत नाही, एखादा उघडा सूर, मग शांतता, मग भलत्याच जागी एक टोला. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र ऐका. मिल्ट त्या रिकाम्या जागांत इतका मोकळा होतो, त्याचा प्रत्येक लांब सूर हवेत टांगून राहतो आणि मंक तो पूर्ण विरेपर्यंत थांबतो. साथ कशी करावी हे शिकवणारं याहून चांगलं काही मला माहीत नाही. हार्मोनियमवाले, तबलेवाले यांनी तर ऐकाच.

'एव्हिडन्स' 'जस्ट यू, जस्ट मी' या जुन्या गाण्याच्या कॉर्ड्सवर बांधलंय. बेबॉपवाल्यांची ही नेहमीची पद्धत, ओळखीच्या गाण्याचा साचा ठेवायचा आणि वरची चाल पूर्ण नवी करायची. जुनं गाणं कुणाचंही आधी एकदा ऐका, मग 'एव्हिडन्स' मधले ते तुटक, जागा चुकवून पडणारे सूर ऐका, खालून जुनं गाणं चालू आहे हे हळूहळू जाणवायला लागतं.

पायरी ६: कव्हरवरच्या नावाने फसू नका

शोधताना हमखास गोंधळ होतो म्हणून हे वेगळं लिहितेय. वर सांगितलेलं १९४८ चं सेशन मंकचं आहे, पण पुढे एलपी, म्हणजे जास्त वेळ मावणाऱ्या तबकड्या, निघाल्या तेव्हा ते मिल्टच्या नावाच्या रेकॉर्डमध्ये पण घातलं गेलं, 'विझार्ड ऑफ द व्हाइब्ज' नावाने, १९५२ च्या सेशनबरोबर. म्हणजे एकच रेकॉर्डिंग मंकच्या संग्रहातही मिळतं आणि मिल्टच्याही. तसंच १९४९ चं सॅव्हॉय कंपनीचं एक सेशन आहे, केनी डॉरम ट्रम्पेटवर, बिली मिचेल टेनरवर आणि ज्युलियस वॉटकिन्स चक्क फ्रेंच हॉर्नवर, ते मुळात केनी क्लार्कचं, नंतर मिल्टच्या नावाने विकलं गेलं. ऐका जरूर, फ्रेंच हॉर्न आणि व्हायब्ज एकत्र असा मऊ रंग तेव्हा दुसरीकडे मिळत नाही.

उपाय एकच, अल्बमच्या नावावर जाऊ नका, रेकॉर्डिंगची तारीख आणि वादकांची नावं बघा. स्ट्रीमिंगवर वर्ष म्हणून बहुतेक वेळा पुन्हा काढल्याचं वर्ष दिसतं, १९९० किंवा २००१ असलं काहीतरी, ते बघून सोडून देऊ नका. स्वतःची प्लेलिस्ट इथल्याच क्रमाने बनवा आणि शफल बंद ठेवा.

पायरी ७: १९५१ आणि पुढे

१९५१ मध्ये गिलेस्पीने डेट्रॉइटमध्ये डी गी नावाची स्वतःची कंपनी काढली, तिच्यासाठी मिल्टने आपल्या नावाची क्वार्टेट, म्हणजे चौघांचा गट, रेकॉर्ड केली, त्यात परत जॉन लुईस आणि रे ब्राऊन, तेच बिग बँडवाले. 'मिल्ट मीट्स सिड' आणि 'ब्लूसॉलॉजी' ही दोन शोधा. सॅक्स-ट्रम्पेट कुणी नाही, धुनही व्हायब्जच मांडतो, त्यामुळे मिल्टचा लांब सूर पहिल्यांदाच पूर्ण मोकळा ऐकू येतो. त्यानंतर परत १९५२ चं ब्लू नोट लावा जिथून आपण सुरुवात केली, आता ते तेच राहिलेलं नसतं.

ही मिल्ट जॅक्सन क्वार्टेटच पुढे मॉडर्न जॅझ क्वार्टेट झाली, रे ब्राऊनच्या जागी पर्सी हीथ, पहिलं रेकॉर्डिंग डिसेंबर १९५२. तिथे लुईसची रचना आणि शिस्त जास्त, तो वेगळा विषय, पण सुरुवातीचं बेबॉप समजून मग तिकडे गेलात तर त्या शांतपणाखाली काय आहे ते कळतं.

आडवाटा ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी: टेरी गिब्जचं १९४९ चं न्यू जॅझ कंपनीचं सेशन, स्टॅन गेट्झ बरोबर. मार्जी हायम्स, त्या काळात या वाद्यावर नाव मिळवलेली बाई, जॉर्ज शिअरिंगच्या १९४९ च्या क्विंटेटमध्ये पियानो, गिटार आणि तिचे व्हायब्ज एकच चाल एकत्र वाजवतात. आणि १९५० चं रेड नॉर्व्हो ट्रिओ, टॅल फार्लो गिटारवर, चार्ल्स मिंगस बासवर, ड्रम्स नाहीतच.

हे सगळं झालं की २४ डिसेंबर १९५४ चं माइल्स डेव्हिसचं 'बॅग्ज ग्रूव्ह' लावा. तीच ओळ, तीच १२ बार, मिल्ट आहे, हीथ आहे, क्लार्क आहे, आणि पियानोवर मंक. आता एलपी आली होती म्हणून तीनऐवजी पहिला टेक ११ मिनिटांहून जास्त. माइल्स वाजवतो तेव्हा मंक हात उचलून पूर्ण गप्प बसतो आणि मिल्टचा सोलो सुरू झाला की परत येतो, ते परत येणं कुठल्या मात्रेवर होतं ते बोटांवर मोजून बघा.